बादलीतला बाप्पा आणि डिझॉल्व्ह

यंदा आमच्या गणपतीला मी वॉर्निश लावलं. शाडूची मूर्ती लेकीने केली होती. पण हौशी नाटकांत उभा जन्म रंगभूषा केलेला माणूस देवाला तसाच कोरडा मखरात बसू देईल? आरतीला आलेली सोसायटी म्हणाली, ‘‘काय तेज आहे!’’ मी लवून दाद घेतली.

दीड दिवसाने गॅलरीतल्या बादलीत विसर्जन केलं आणि तेच तेज अंगाशी आलं. मूर्ती विरघळेचना.

लेक रविवारी कर्वेनगर सोडून हिंजवडीला राहायला जाणार होती, ऑफिसजवळ. ही माती तिला नव्या घरच्या तुळशीत घालायची होती. रिकामी कुंडी दारातच ठेवलेली. मी घटकेघटकेला गॅलरीत.

‘‘अहो, सारखं काय डोकावताय? दूध तापत ठेवलंय का तिथे?’’ बायको म्हणाली.

‘‘डिझॉल्व्ह होतोय का बघतोय.’’

लेकीने लगेच मोबाइलवर शब्द शोधला. ‘‘बाबा, मूळ लॅटिन आहे. गाठ सोडणं, सैल करून वेगळं करणं. विरघळणं त्यातूनच आलं.’’

मला व्याख्यानाला निमित्तच हवं होतं. ‘‘म्हणजे बघ, लग्न डिझॉल्व्ह होतं, संसद होते, सिनेमात एक दृश्य हळूच दुसऱ्यात मिसळतं...’’

‘‘लग्न बरं पहिलं आठवलं!’’ बायको.

मी हसलो, पण बूड टेकेना. मूर्ती विरघळावी की तशीच राहावी, माझं मलाच कळत नव्हतं. माती नाही तर कुंडी नाही, कुंडी नाही तर लेक आणखी आठवडाभर थांबेल, असलं पोरकट गणित मनात चाललं होतं. रात्री कूस बदलतानाही कान बादलीकडे.

रविवारी टेम्पो आला तेव्हाही बाप्पा पाण्यात जसेच्या तसे, झळाळत. मी मनातल्या मनात पडदा पाडणार, तोच लेकीने नमस्कार करून पाण्यात हात घातला. वॉर्निशचा पातळ पापुद्रा अलगद तिच्या बोटांना चिकटून वर आला. खाली सगळा मऊ चिखल. मूर्तीच्या बुडाला वॉर्निश लावायचं राहिलं होतं, पाणी तिथून आत शिरलं होतं.

‘‘बाबा, हा आतून केव्हाच सुटलाय!’’

‘‘वरवरच तेवढं नाटक चाललं होतं,’’ बायको माझ्याकडे बघत म्हणाली.

कुंडी मीच भरली. बागेतली माती मिसळली, तुळशीचं रोप लावलं. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी आपला रोपाभोवतीची माती दाबत बसलो होतो.