विभूती लावलेलं पाखरू

बेंबळीच्या आठवडी बाजारात स्वतःच्या पोटच्या पोराला चारचौघांत थापाड्या म्हणणारी एकच बाई होती, गिरिजाबाई. पाटीत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी मांडून ती चिंचेखाली बसायची. परगावच्या कुणी सहज विचारावं, "महांतप्पाचं काही कळलं का?" आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटावा.

"त्या थापाड्याचं काय कळायचंय? म्हनं म्या जहाजावर हाय! गावच्या वढ्यात गुडघाभर पान्यात शिरायला भ्यायचं ते. असंल ममईत कुठल्या तरी गिरनीत. दुसरं बिऱ्हाड केलं असंल तिकडंच. इसरलं आमाला."

आजूबाजूचे लोक लगेच माना डोलवत. "व्हय की. लबाडच होतं पोर." शेजारी बसून गिऱ्हाइकांना भाकऱ्या बांधून देणारी सून चन्नम्मा हे खाली मानेनं ऐकायची. नवऱ्यानं दुसरी केली असं सासू भर बाजारात ओरडून सांगते, आणि सुनेला राग येत नाही. उलट त्या दिवशी घरी गेल्यावर ती दोन घास जास्त जेवायची.

परक्याला वाटावं, काय कैदाशीण आई आहे ही! पण बेंबळीला सगळं ठाऊक होतं. याच गिरिजाबाईनं, महांताला कुणी थापाड्या म्हटलं म्हणून, तापलेलं उलथनं फेकून मारलेलंही गावानं पाहिलं होतं.

तिचा नवरा पटकीच्या साथीत गेला, तेव्हा महांतप्पा पाळण्यात होता. पापडासारखी पातळ, तीळ लावलेली भाकरी तव्यावरून काढून ती निखाऱ्याच्या धगीला उभी करायची. अशी भाकरी महिनाभर टिकते. त्या भाकरीवर तिनं पोराला वाढवलं. पोर चांगलं निघालं, फक्त जे पाहील ते असं काही रंगवून सांगायचं, की ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये. एकदा नळदुर्गाहून आला आणि सांगू लागला, "किल्ल्यात बंधाऱ्याच्या पोटात म्हाल हाय. डोक्यावरनं नदी पडती, आन् आत बसलेल्याच्या अंगावर थेंब येत न्हाय!" गाव पोट धरून हसलं. गावातले मोठे दुकानदार वीरप्पा पुढं स्वतः जाऊन तो महाल पाहून आले, त्यात बसून आले, तरी पोराचं नाव थापाड्या पडलं ते पडलंच. गाव एकदा नाव ठेवतं, ते परत घेत नाही.

लग्नानंतर वर्षभरात महांता मुंबईला गेला. लढाई चालू होती. बेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं. ते वाचून दाखवलं विरुपाक्ष मास्तरांनी. मास्तर दिवसभर निजामाच्या सरकारी शाळेत उर्दू शिकवायचे आणि संध्याकाळी गावाची मराठी पत्रं ज्याच्या त्याच्या ओट्यावर बसून वाचायचे. त्या दिवशी गिरिजाबाईच्या ओट्यावर अर्धं गाव होतं, आणि ती दारातल्या चुलीपुढं भाकरी करता करता ऐकत होती.

"अव्वाला दंडवत," महांतानं लिहिलं होतं. त्यांच्या लिंगायत घरात आईला अव्वाच म्हणायचे. जहाजाचं नाव लिहिलं होतं. आपण बॉयलरमध्ये कोळसा टाकायच्या कामाला लागलो, धग लई हाय पन तुज्या चुलीपुढं बसायची सवय हाय, सोसतंय, असं लिहिलं होतं. आणि पुढं होतं, "हितं समुद्रावर एक पाखरू दिसतं. पाठ काळीभोर, पोट पांढरं, शेपूट कातरीवानी, पायाची बोटं कातड्यानं जोडल्याली. खलाशी म्हनत्यात, ते वर्सानुवर्सं जमिनीला टेकत न्हाय, उडता उडताच झोपतं. आन् अव्वा, त्याच्या कपाळावर विभूती हाय. पांढरीशिप्पत, नीट लावल्याली. आपल्यातलंच दिसतंय. ते जहाजावरनं गेलं की वाटतं, कुनीतरी आपलं मानूस हाय संगं. चन्नम्माला सांग."

वीरप्पांनी मांडीवर थाप मारली. "ऐका! पाखरू लिंगायत! आता त्याच्या गळ्यात लिंगबी असंल! अवो गिरिजाबाई, तुमचं पोर ममईतनं बाहेर पडलेलंच न्हाय."

तेव्हा ते उलथनं उडालं. वीरप्पा थोडक्यात वाचले. त्या दिवसापासून गिरिजाबाई पाण्यावर, बाजारात, देवळात, जिथं दोन बायका भेटतील तिथं पत्र सांगायची. काळी पाठ, पांढरं पोट, कातरीवाणी शेपूट, कपाळाला विभूती. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईला पत्र शब्दन् शब्द पाठ झालं. "एक दिस पाखरू आनून दाखवंल माझं लेकरू," ती म्हणायची, "मंग थोबाड कुठं लपवताल?"

दुसरं पत्र आलं नाही.

त्रेचाळीसच्या थंडीत नळदुर्गाचा एक माणूस गावात आला. तो मुंबईच्या गोदीत हमाली करायचा. चावडीवर बसून त्यानं त्याच जहाजाचं नाव घेतलं. शत्रूच्या पाणबुडीनं ते बुडवलं, म्हणाला. वरचे काही वाचले, खाली बॉयलरपाशी होते त्यांतलं कुणीच वर आलं नाही.

गिरिजाबाई तिथंच उभी होती. डोक्यावर पाटी. ती रडली नाही, हलली नाही, नुसती एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. आणि मग वीरप्पा, ज्यांनी पोराची सगळ्यांत जास्त टिंगल केली होती ते वीरप्पा, मोठ्यानं हसले.

"अवो बाई, तुमी कशाला ऐकताय? त्यो कुठला जहाजावर? पाखराला विभूती लावनारा मानूस त्यो! जहाजाचं नाव कुठंतरी भिताडावर वाचलं असंल, दिलं ठोकून. थापाड्या हाय त्यो."

गिरिजाबाईनं वीरप्पांकडं पाहिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो तिला वीरप्पांच्या थट्टेत सापडला.

"व्हय," ती हळू म्हणाली. "थापाड्याच हाय."

तेव्हापासून हे सुरू झालं. पत्र खरं तर महांता मेला, पत्र खोटं तर महांता जिवंत. इतका सरळ हिशेब होता तो, आणि साऱ्या बेंबळीनं तो न बोलता मान्य केला. चन्नम्माच्या हातात बांगड्या राहिल्या, कपाळावर कुंकू राहिलं.

पंचेचाळीस सालच्या भाद्रपदात पश्चिमेकडून वादळ आलं. तीन दिवस वारा नुसता घोंघावत होता. ज्वारी भुईसपाट झाली, देवळापुढचा पिंपळ मोडला. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि धोंडीबा धनगर माळावरून एक मेलेलं पाखरू घेऊन चावडीवर आला.

धोंडीबाचा जन्म माळावर गेलेला. अंड्यावरून पाखरू सांगणारा माणूस. त्याला हे ओळखेना. "म्या असलं कवा बघितलं न्हाय," तो म्हणाला. कुणी पाणकोंबडी म्हटलं, कुणी घारीचं पिल्लू म्हटलं. धोंडीबानं बोटं फाकवून दाखवली. "ही बघा, बदकावानी जोडल्याली हायती. आन् बदक तर न्हाय. पख केवढं लांब! हे ह्या मुलखातलं न्हाय."

पाखरू चिखलानं बरबटलं होतं. विरुपाक्ष मास्तरांना चौकशीची भारी हौस. त्यांनी तांब्याभर पाणी मागवलं आणि धोतराच्या सोग्यानं पाखरू पुसायला घेतलं. पाठ निघाली ती काळीभोर. पोट पांढरं. शेपटीची दोन टोकं वेगळी झाली. मास्तरांचा हात जड होत गेला. शेवटी त्यांनी डोकं पुसलं. काळ्या डोक्यावर, चोचीच्या वर, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध पांढराशुभ्र पट्टा निघाला.

मास्तरांनी हात मागं घेतला. गावानं ते पाखरू ओळखलं. समुद्र कुणी बघितला नव्हता, तरी प्रत्येकानं ओळखलं, कारण गिरिजाबाईनंच ते वर्षभर सगळ्यांना पाठ करायला लावलं होतं.

"फेका ते," वीरप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "ती यायच्या आत फेका."

पण गर्दी पाहून ती आलीच होती. लोक बाजूला झाले. गिरिजाबाईनं पाटी खाली ठेवली, उकिडवी बसली आणि पाखरू दोन्ही हातांत घेतलं. केवढं हलकं होतं ते! तिनं पाठीवरून बोट फिरवलं. पोट पाहिलं. शेपूट पाहिली. पायाची बोटं एकेक करून पाहिली. पाठ झालेलं पत्र ती जणू पहिल्यांदा स्वतः वाचत होती. सगळ्यात शेवटी तिनं कपाळ पाहिलं. सगळं तसंच होतं. एक अक्षर त्यानं जादा लिहिलं नव्हतं. आणि ज्यानं हे पाहिलं, तो त्या जहाजावर होता.

दोन वर्षं आपण बाजारात बसून ज्याला लबाड म्हणालो, ते लेकरू खरं बोललं होतं, आणि आपण त्याच्या नावाची साधी आंघोळही केली नव्हती.

मास्तर जमिनीकडं बघत होते.

"टिटवी हाय," गिरिजाबाई म्हणाली.

पाऊणशे वर्षं टिटव्यांच्या मागं हिंडलेला धोंडीबा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "व्हय व्हय, टिटवीच की. माझी नजर गेली आता."

"टिटवीच," वीरप्पा म्हणाले, आणि तोंड फिरवून त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"हितं ठिवू नगा, कुत्री वढतील," असं म्हणून तिनं पाखरू पदरात घेतलं आणि पाटी तिथंच विसरून घरी गेली.

चन्नम्मा चुलीपुढं होती. सासूनं पदर उघडला. चन्नम्मानं एकदाच पाहिलं. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठली, देव्हाऱ्यातली विभूती घेतली, परड्यातल्या बेलाची पानं तोडली आणि मागच्या दारी जाऊन खुरप्यानं जमीन उकरू लागली.

लिंगायत माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात, अंगाला विभूती, भोवती बेल. हे विधी करणाऱ्या स्वामींना बोलवायची सोय नव्हती. बोलावलं असतं तर कुणाची समाधी, ते सांगावं लागलं असतं. दोघींनी खड्डा गोल केला. गिरिजाबाईनं पाखराचे लांब पंख मिटून अंगाशी धरले, पाय खाली दुमडले आणि त्याला बसवलं. मान कलंडत होती, ती चन्नम्मानं बेलाच्या पानांचा टेकू देऊन सरळ केली. वर्षानुवर्षं जमिनीला न टेकणारं पाखरू बेंबळीच्या काळ्या मातीत बसलं.

गिरिजाबाईनं चिमटीत विभूती घेतली, ओठांतल्या ओठांत शिवाचं नाव घेतलं आणि बोटं त्याच्या कपाळाकडं नेली. तिथंच ती थांबली. लावायला जागाच नव्हती. कपाळावर विभूती आधीच होती, पांढरीशिप्पत, नीट लावलेली.

मग मात्र तिला आवरेना. "खरं बोल्लास रे माज्या बाळा," ती हंबरडा फोडून म्हणाली, "खरं बोल्लास! आयच खोटी तुजी!" चन्नम्मानं तिला मिठी मारली, आणि दोघी त्या वीतभर खड्ड्याच्या काठावर तोंडात पदर कोंबून रडल्या, कारण आवाज गावात गेला असता.

पुढच्या बाजारी गिरिजाबाई चिंचेखाली बसली. चन्नम्माच्या कपाळावर कुंकू होतं. येरमाळ्याच्या एका व्यापाऱ्यानं भाकरी घेता घेता विचारलं, "महांतप्पाचं काही कळलं का, बाई?"

लोक वाट बघू लागले. वीरप्पा दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. गिरिजाबाईनं भाकरी मोडू नये म्हणून जपून फडक्यात ठेवली, गाठ मारली आणि त्याच्या हातात दिली.

"न्हाय," ती म्हणाली. एवढंच. त्यानंतर तिनं लेकाला कधीही थापाड्या म्हटलं नाही.