नागापूरची हवा वहीत उतरवताना

भंडारदऱ्याचे फोटो शोधत इथे आला असाल, तर आधीच माफी मागते. मी निघाले होते भंडारदऱ्यालाच, पण पोहोचले नागापूरला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी पुण्यात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. हिवाळ्यात चार दिवसांची रजा काढली होती, धरणाजवळ खोलीही ठरली होती, आणि सुमनताईचं पोस्टकार्ड आलं. सुमनताई म्हणजे माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीची थोरली बहीण. नगरच्या एमआयडीसीला लागून, नागापूरला ती बालवाडी चालवायची. तिने लिहिलं होतं, 'शेजारच्या लोखंड ओतायच्या कारखान्याच्या धुळीने पोरं खोकून बेजार आहेत. धूळ अडवायचं यंत्र त्यांना बसवायला लावा, असा अर्ज प्रदूषण मंडळाच्या कचेरीत दिलाय. साहेब म्हणतात, सोमवारच्या सुनावणीला हवेचे आकडे आणा. आकडे कचेरीत आहेत, मला त्यातलं कळत नाही. तू ये.' खोली रद्द केली. चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी पहाटे शिवाजीनगरहून एसटी पकडली. तिकीट तेव्हा तीस-पस्तीसच्या घरात होतं. शिरूरला चहा झाला, सुप्याचा घाट चढताना थंडीने दात वाजले आणि दहाच्या आत माळीवाडा स्टँडवर उतरले. सुमनताई न्यायला आली होती. स्वतःच खोकत होती.

"तुला काय झालंय?"

"मला काय धाड भरलीय? पोरांचं बघ," ती म्हणाली.

आता हे वाचणाऱ्या तरुणांना सांगते, माहिती 'सार्वजनिक' असणं म्हणजे तेव्हा काय. रजिस्टर कुणीही बघावं, पण ते कचेरीबाहेर जाणार नाही, झेरॉक्सही मिळणार नाही. अकरा ते पाच या वेळात, लाकडी बाकावर बसून, हाताने उतरवून घ्या. आम्ही दोघींनी तेच केलं. ताई आकडा वाचायची, मी लिहायची. दुपारी कोपऱ्यावर पुरी-भाजी खाल्ली आणि पुन्हा बसलो. शेवटचं पान झालं तेव्हा माझी बोटं आखडली होती. बेरजा मांडल्या. आकडे इतके चांगले होते, की जणू मी भंडारदऱ्याचीच हवा उतरवली होती.

"म्हणजे धूळ नाहीच, असं म्हणायचं?" ताईने विचारलं.

मी बेरजा पुन्हा करून पाहिल्या; त्याच आल्या. रात्री तिच्याकडे बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. घास गिळताना मला तिच्यासमोर लाज वाटत होती. सोमवारी हेच आकडे तिच्या विरोधात वाचले जाणार होते आणि ते मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिले होते.

शनिवारी सकाळी तिच्या बालवाडीत गेले. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर काळं झालं. ही धूळ रजिस्टरात का नाही, तेच कळेना. हवा मोजायचं यंत्र जवळच्याच एका शाळेच्या गच्चीवर होतं, म्हणून आम्ही वर चढलो. कबुतराच्या खुराड्याएवढा, वर पत्र्याचं छप्पर असलेला डबा. तो हवा ओढतो, धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर साचते, आणि कोऱ्या नि वापरलेल्या कागदाच्या वजनातला फरक म्हणजे धूळ. कागद बदलायला पोपटमामा आले होते. पन्नाशी उलटलेले, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, कचेरीतले जुने शिपाई. त्यांनी कागद काढला. काळाकुट्ट होता. माझा जीव भांड्यात पडला.

मग मामांनी पिशवीतून रंगकामाचा ब्रश काढला आणि देवाच्या मूर्तीवरून फिरवावा तसा अलगद त्या कागदावरून फिरवू लागले. धूळ गच्चीवर सांडत होती.

"मामा, हे काय करताय?"

"साफ करतोय म्याडम. मागं पाकिटात सगळी माती सांडली हुती, तवा साहेब लई बोलले. घान कागद आनायचा न्हाई म्हनले. तवापासून झाडूनच देतो. एक कन बी ऱ्हात न्हाई."

मी कठड्यावरच बसले. ओरडावंसं वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर केलेल्या कामाचा अभिमान होता. ताईनेच हळू आवाजात समजावलं, "मामा, त्या धुळीचंच वजन करायचं असतं."

ब्रश त्यांच्या हातात तसाच राहिला. त्यांनी खाली सांडलेली काळी रेघ पाहिली, मग बालवाडीच्या छपराकडे पाहिलं.

"म्हंजी पोरांचा खोकला म्याच झाडून टाकला व्हय?"

"तुमी काय मुद्दाम केलं न्हाई," ताई म्हणाली. पहिल्यांदाच ती त्यांच्या बोलीत बोलली.

"पर केलं न्हवं?"

निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती. हे कबूल करा, असं सांगायचा धीर आम्हा दोघींना झाला नाही. सोमवारी सुनावणीत रजिस्टर उघडलं, तर शुक्रवारी कोरा असलेल्या शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, प्रत्येक नोंदीसमोर, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'कागद झाडून वजन केले. पोपट.' साहेबांचा चेहरा उतरला. सगळे आकडे बाद झाले, नव्याने मोजणीचा हुकूम निघाला आणि मामांना लेखी ठपका मिळाला. बाहेर येऊन ते ताईला एवढंच म्हणाले, "आता झाडत न्हाई."

त्याच संध्याकाळी मी पुण्याला परतले. पुढे ताईचं पत्र आलं. नवा आकडा इतका मोठा निघाला, की साहेबांनी कागद पुन्हा तोलायला लावला. कारखान्याला धूळ अडवायचं यंत्र बसलं. पण तोवर त्या वर्षीची मुलं बालवाडीतून पहिलीत गेली होती, आणि ताईचा खोकला काही गेला नाही.

आता मी घरी बसून, चार ओळींचा प्रोग्रॅम चालवून, एपीआयमधून, म्हणजे सरकारी संगणकाकडून थेट, तासातासाची हवा उतरवून घेते. बोटं आखडत नाहीत. तरी एखाद्या हवामापन केंद्राचा आकडा फारच चांगला दिसला, की मी शेऱ्याचा रकाना शोधते. तो बहुतेक वेळा नसतोच. ती जुनी वही अजून कपाटात आहे. त्यातले आकडे कुणाच्याही कामाचे नाहीत. त्या मुलांनी त्या हिवाळाभर जी हवा घेतली, तिची खरी नोंद कुठेच नाही. आहे ती फक्त पोपटमामांची सही.