दहा जणींचा अंगठा

मोबाइल वाजला तेव्हा मी तूर पाखडत होते. मेसेज वाचला अन् सूप हातातून सुटलं. माझ्या खात्यातून दहा हजार निघाले होते. मी तर आठवडाभर आमच्या किन्हीराजा गावाबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं!

पैशाची भीती वाटलीच. पण लगेच दुसरंच आठवलं. आठ दिवसांपूर्वी आमच्या बचत गटात एक बाई आली होती. गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. फुकट शिलाई मशीन मिळणार म्हणे, फक्त आधारची झेरॉक्स द्या अन् अंगठा ठेवा. आमच्या बाया कुठंही सही-अंगठा करायच्या आधी माझ्याकडे पाहतात. सचिव ना मी! मोठ्या तोऱ्यात पहिला अंगठा मीच ठेवला. वरून म्हटलं, "चला वं लवकर, बाईंले उशीर होऊन राह्यला." माझ्यामागे दहा जणींनी ठेवला.

त्यात माझी शेजारीण होती. येत्या सोमवारी तिच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, अन् त्यासाठी विकलेल्या म्हशींचे पैसे तिच्या खात्यात होते.

तालुक्याला, मालेगावची बँक गाठली. साहेबांनी तक्रार लिहून घेतली, पोलिसांतही द्यायला सांगितली. "अंगठ्याची नक्कल करून आधारवरून पैसे काढले त्यांनी, ताई. उद्या पुन्हा काढतील. आधारवरचा अंगठा आत्ताच लॉक करा, मोबाइलवरून होतं." मी तिथंच केला. पण बाकीच्या दहा जणी?

बसमध्ये एकेकीला फोन लावला. नऊ जणींनी उचलला. घरात ज्याला जमतं त्याच्याकडून आजच्या आज लॉक करा, म्हणून सांगितलं. शेजारणीचा मात्र बंद. देवा, तिचेच गेले असतील तर? फाट्यावर उतरले ती पळतच सुटले.

ती भांडी घासत होती. "काहून पयत आली वं?"

"मोबाइल कुठी आहे?"

"बंद पडला. चार्जिंगले लावला."

चालू केला. पैसे निघाल्याचा मेसेज नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. मग लॉक करायला घेतलं. ओटीपी आला तशी तिनं मोबाइल माझ्या हातात कोंबला अन् पुन्हा भांड्यांकडे वळली. "तूच कर. मले काय समजते त्यातलं?"

माझा तोल गेला. "नको ठेवू असा भरवसा! कोणालेच देऊ नको मोबाइल. मले बी नको देऊ!"

तिचे डोळे भरले. मग हात पुसून आली अन् एकेक आकडा स्वतः दाबला.

ऑपरेशन झालं. माझेही पैसे दोन महिन्यांनी बँकेनं परत दिले. गटाच्या पुढच्या बैठकीत मी ठरावाचा कागद सह्यांसाठी पुढं केला. शेजारणीनं पेन बाजूला ठेवला. म्हणाली, "आधी वाचून दाखव."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.