शेवटच्या कवचातला आठवा दाणा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलगी आठवीत होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने क्लोरीनचा अणू करायला घेतला. पहिला नंबर आला की मालेगावला तालुक्याच्या प्रदर्शनात जायला मिळणार होतं, आणि तेवढ्यासाठी पोरीने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

मी दहावी शिकलेली, भाजीपाला पिकवणारी आणि बाजारात बसून तो विकणारी बाई. अणू मीही एकेकाळी पाठ केला होता, पण लग्न झालं तेव्हा तो माहेरीच राहिला. पोरीनेच मला पुन्हा शिकवलं. मधे मातीचा गोळा, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचे रंगीत मणी. भोवती तारेची तीन कडी, ती कवचं. कड्यांवर वाळलेले हिरवे वाटाणे, ते इलेक्ट्रॉन. पहिल्यावर दोन, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर सात.

"याले एक कमी असते, आई," ती म्हणाली. "म्हणून हा दुसऱ्याचा ओढून घेते. सोडियमचा घेतला की झालं मीठ."

"म्हणजे तुया मामासारखा," मी म्हटलं. ती पोट धरून हसली. मग ती भिंतीवरचा तक्ता रंगवायला बसली आणि शेवटचं कडं माझ्या हाती दिलं. "सातच लावजो," एवढं सांगितलं.

आता माझ्या हाताचं काय सांगू! आमच्यात वजन बरोबर आलं म्हणून कोणी तिथेच थांबत नाही. काटा सारखा झाला तरी वरून एक वांगं, दोन भेंड्या टाकायच्याच. सासूने पहिल्यांदा बाजारात बसवलं तेव्हा भाव नंतर शिकवले, हे आधी शिकवलं. आता वजनकाट्यावर आकडे दिसतात, तरी हात जायचा तो जातोच. सात वाटाणे चिकटवले, कड्यावर जागा उरलेली दिसली, आणि हाताने आठवा वरून टाकला. माझ्या ध्यानातही आलं नाही. उलट कडं कसं भरल्यासारखं दिसतं म्हणून मला बरं वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. तपासायला बाहेरगावचे सर आले होते. पोरगी न अडखळता बोलत होती. "शेवटच्या कवचात सात इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून याची संयुजा एक."

सर वाकले. "मोज बरं, बेटा."

ती मोजत गेली आणि शेवटी तिचा आवाज बारीक झाला.

"याला कुठे काय कमी आहे? हा तर पोट भरून बसलाय," सर म्हणाले. "हा अणू राहिला नाही, आयन झाला." भोवतीची पोरं फिदीफिदी हसली. "कुणी केलं हे? तूच ना?"

मी तिथेच, हातभर अंतरावर उभी होते. एवढंच म्हणायचं होतं, सर, तो दाणा मी लावला. बाजारात साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडणारी मी, पण तिथे माझी दातखीळ बसली. चार शिकलेल्या माणसांत अडाणी ठरायची लाज वाटली, आणि त्या लाजेपुढे पोटची पोर मला दिसेनाशी झाली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला आणि शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखी पाहू लागले.

"मीच केलं, सर. चुकलं," ती म्हणाली.

पहिला नंबर दुसऱ्या एका मुलीच्या पवनचक्कीला मिळाला.

घरी येताना ती अणू पिशवीत घालून पुढे चालत होती. मी मागून सांगत सुटले, बाजाराची सवय गं, हात आपोआप गेला, मुद्दाम का कोणी करते? ती पिशवी सावरत चालतच राहिली. मग थांबली.

"दाणा तू लावला, थे मले मोजतानीच समजलं," ती म्हणाली. "त्याचं काही नाही, आई. पण सरानं इचारलं, तवा मी वाट पाहून राह्यली होती, तू बोलशीन म्हणून."