इस्त्रीबाईंचा शब्द

आमच्या विद्यापीठाच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर इस्त्रीबाई बसतात. हे नाव मीच ठेवलं. सत्र संपताना विद्यार्थी शिक्षकांविषयी अभिप्राय लिहितात. तो शिक्षकांच्या हाती पडण्याआधी बाई एकेक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहून काढतात. कोणाचा लाडका शब्द, कोणाची चिडचिड, सगळ्या सुरकुत्या साफ. कागद जाऊन संगणक आला तरी त्यांनी हे सोडलं नाही. आता हजेरी क्रमांक टाकल्याशिवाय अभिप्राय भरताच येत नाही, कोणी काय लिहिलं ते मूळ फाईलमध्ये दिसतं, म्हणून ती एकट्या बाईंकडे असते.

मी चिडवायचो, "बाई, इस्त्रीचा पगार वेगळा मिळतो का हो?"

"पोरांना शब्द दिलाय," एवढंच म्हणायच्या. वर्गावर्गात जाऊन त्या सांगायच्या, "बिनधास्त लिहा. तुमचं नाव कुणालाही कळणार नाही."

मागच्या वर्षी एका मुलीनं लिहिलं, 'सर प्रकल्पाचा अहवाल न वाचताच सही करतात. मी मुद्दाम मधली दोन पानं उलटी लावली होती. तशीच परत आली.' बाई एकट्याच खो खो हसल्या, मला तेव्हा काही सांगितलं नाही. सरांकडे गेलं ते एवढंच: 'अहवाल अधिक बारकाईने तपासावेत.'

त्याच आठवड्यात आमचे साहेब आले. हा माणूस बाईंच्या टेबलावर काम शिकला, त्यांच्या डब्यात जेवला, अजूनही त्यांना ताई म्हणतो.

"ताई, संगणक बदलतायत. मूळ फाईलची एक प्रत माझ्याकडे राहू दे, सुरक्षित राहील."

बाईंनी विश्वासानं दिली.

पंधरा दिवसांनी ती मुलगी आमच्या खिडकीशी उभी. तोंडी परीक्षेत नापास झालेली. सरांचा पहिलाच प्रश्न होता, "काय, आज पानं सरळ लावलीत ना?"

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, कळणार नाही."

रडली असती तर बरं झालं असतं.

उलट्या पानांची गोष्ट फक्त मूळ फाईलमध्ये होती. बाई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या, मागोमाग मीही.

"ताई, सर आपलेच आहेत. त्यांनी मागितली, नाही कसं म्हणू?"

"आणि ती पोर कोणाची रे?"

साहेब फाईल चाळत बसले. बाईंनी लेखी तक्रार केली, तिची पोच आली आणि पुढे काही नाही. माझं तर डोकं फिरलं होतं, पण मी काय केलं? बाईंना चहा आणून दिला.

या सत्रात बाई पुन्हा वर्गात गेल्या. साहेब शेजारीच उभे होते. "बिनधास्त..." म्हणून त्या अडखळल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "पोरांनो, नाव कळतं. गेल्या वर्षी कळलं. फाईल मी दिली आणि यांनी ती पोचवली. लिहायचं ते हे ध्यानात ठेवून लिहा."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वर्ग सुटल्यावर ती मुलगी बाईंपाशी आली. पुन्हा त्याच वर्गात बसली होती बिचारी. बाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला.

"हे मागच्या वर्षी सांगायचं होतंत, बाई," ती म्हणाली आणि निघून गेली. मावशी म्हणाली नाही.