पोर्तो रिकोपर्यंतच

समोर काहीही दाखवलं की ते आधी हनुवटी वर करायचे, मग चष्मा नाकावर सरकवायचे आणि म्हणायचे, "त्यात काय!" गोल्डन गेटचा पूल, त्यात काय. माझ्या हातची बासुंदी, त्यात काय. असा एखादा नग तुमच्याही ओळखीत असेलच. नसला, तर घरच्यांना विचारा, तो बहुधा तुम्हीच असाल.

हे गृहस्थ आमच्या ह्यांच्या ऑफिसात इंजिनियर. मूळचे रत्नागिरीकडचे, चाळिशीचे, एकटे. दर रविवारी फ्रीमाँटला आमच्याकडे जेवायला. त्यांच्या ग्रीन कार्डाची फाइल कुठेतरी अडकली होती आणि वकिलाने बजावलं होतं, अमेरिकेबाहेर पाऊल टाकलंत की अर्ज संपला. गावी म्हातारी आई. सहा वर्षं भेट नाही. हे सगळं मला तेव्हाच माहीत होतं, एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह होणार नाही.

त्या वर्षी मला बहामाला जायचं होतं, कारण आमच्यातलं कोणीच तिथे गेलं नव्हतं. मी तिशीची, केसांचा नवा पर्म, आणि अक्कल त्या पर्मखाली झाकलेली. ह्यांनी बेत बदलला. म्हणाले, "पोर्तो रिकोला जाऊ. तेही बेटच आहे, पण अमेरिकेतच मोडतं. त्यालाही येता येईल." मी दोन दिवस भांडी आपटली.

सान हुआनच्या जुन्या शहरात निळसर दगडांचे रस्ते, पिवळी-गुलाबी घरं आणि टोकाला समुद्रावर उभा असलेला स्पॅनिश किल्ला. मी गॉगल लावून तोफेला टेकले, फोटोसाठी. गृहस्थ तटावरून खाली बघत म्हणाले, "त्यात काय! आमचा जयगड बघा, वहिनी."

"जयगड बघायला कोणी विमानाने येत नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एल युंकेचं जंगल. झाडाएवढाले नेचे, धबधबा, आणि नखाएवढे बेडूक पाखरांसारखे शीळ घालत होते.

"त्यात काय! आमच्या परसात पावसाळ्यात..."

"मग परसातच जायचं होतं की!"

धबधब्याच्या आवाजात आमच्या ह्यांना ते ऐकू गेलं नाही. गृहस्थांना गेलं. ते हसले. मला वाटलं, जिंकले मी.

उतरताना रस्त्याकडेच्या टपरीवर एक आजीबाई नीरफणसाची कापं तळत होती. गाडी नीट थांबायच्या आत गृहस्थ खाली. पहिलं काप तोंडात गेलं आणि हनुवटी जागची हललीच नाही. दुसरं खाताना ते तिला चक्क मराठीत शिकवायला लागले, "रवा लावा आजी, रवा! आणि थोडं तिखट!" ती स्पॅनिशमध्ये काय म्हणाली देव जाणे, पण झारा उगारून म्हणाली. दोघं वीस मिनिटं भांडले. निघताना तिने टपरीमागचं नीरफणसाचं एक रोप मातीसकट उपटून त्यांच्या हातात ठेवलं. फ्रीमाँटच्या थंडीत ते जगणार नाही, हे मी लगेच सांगून टाकलं. कोणी विचारलं नव्हतं.

तिथून झाडं, माती बाहेर न्यायची नाही, असा नियम. विमानतळावर सामान तपासलं तेव्हा रोप माझ्या पिशवीत होतं, कारण त्यांच्या बॅगेत मावलं नव्हतं. तपासनिसाने ते वर धरलं. "कोणाचं हे?"

मी बोट दाखवून मोकळी झाले. "त्यांचं. आमचं काही नाही, सर."

माणसाच्या तोंडाचा रंग जातो म्हणतात, तो मी त्या दिवशी पाहिला. कोणी न मागता त्यांनी शर्टाच्या आतून कागदांची घडी काढली. ती त्याच्यापुढे धरली. "सर, प्लीज, माझ्या फाइलवर काही लिहू नका."

त्या तपासनिसाला कसली फाइल आणि काय. रोप पिंपात टाकून त्याने पुढच्याला हाक मारली. मिनिटभराचं काम. विमानात ते खिडकीकडे तोंड करून बसले, आणि मी ह्यांच्या कानात म्हटलं, "किती घाबरट माणूस आहे हो!"

दोन वर्षांनी कार्ड आलं. महिनाभरासाठी म्हणून ते गावी गेले, गाडी आमच्या ड्राइव्हवेत ठेवून. बॅटरी उतरू नये म्हणून आमचे हे दर रविवारी ती सुरू करायचे. महिन्याचे सहा महिने झाले. वर्षभर बाहेर राहिलं की कार्ड हातचं जातं, हे आम्हा सगळ्यांना पाठ. वर्ष भरत आलं आणि पत्र आलं. "आईला आता उचलून अंगणात न्यावं लागतं. गाडी विकून टाका."

आमचे हे पत्र घेऊन बाहेर गेले. गाडीत बसले, किल्ली लावली आणि सुरू न करताच घरात परत आले.

आणि मी? मी म्हटलं, "चला, ड्राइव्हवे मोकळा झाला."