कुमुद सातपुते आणि यंत्रात सापडलेला ताशा

कुमुद सातपुतेबरोबर लग्नाला जाऊ नये. गेलातच तर तिच्या शेजारी बसू नये. वरात दारात आली की सगळे नाचायला उठतात आणि ही पर्समधून मोबाइल काढून आवाज मोजायला लागते. फरीदाबादच्या एका लग्नात तिने डीजेला गाठून इतक्या शुद्ध सरकारी हिंदीत आवाज कमी करायला सांगितलं, की बिचाऱ्याला वाटलं छापाच पडला. तिचा नवरा सुधाकर केंद्र सरकारच्या नोकरीत मुरलेला माणूस. अशा वेळी तो हातातली प्लेट सांभाळत चार पावलं लांब सरकतो आणि ही बाई आपल्या ओळखीची नाही असा चेहरा करतो.

तिचा हा पोटापाण्याचाच धंदा आहे. कुणाला पूल बांधायचा असतो, कुणाला मॉल. त्यामुळे तिथल्या पाण्याचं, हवेचं, झाडांचं काय होईल याचा अहवाल करणाऱ्या एका खाजगी कंपनीत ती आहे, आणि तिच्याकडे आवाजाचं खातं आहे. आपल्याला दिल्लीत शांतता शोधायचा पगार मिळतो, असं ती सांगते. मी म्हणतो, बरी नोकरी आहे, रिटायर होईपर्यंत काम संपायची भीती नाही.

गंमत अशी, की हीच बाई दर रविवारी सकाळी गळ्यात ताशा अडकवते. आमच्या महाराष्ट्र मंडळाचं ढोलपथक तिनेच उभं केलं. त्याला कारण तिची मुलगी अवनी. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. शाळेत जायला लागल्यावर आईने मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर द्यायची. कुमुदने मंडळात मराठीचे वर्ग काढून पाहिले, तर पोरं पेंगायची. मग ती पुण्याहून ताशा आणि सहा ढोल घेऊन आली. ज्या पोरांना पळी आणि डाव यांतला फरक कळत नाही, ती आता 'अरे, दोर आवळ', 'हात बदल', 'घाई नको' असं एकमेकांवर खेकसतात. अवनी आता कॉलेजात आहे आणि आईशी अस्सल मराठीत भांडते. कुमुदला याचा केवढा अभिमान! त्या भांडणांबद्दल ती पेढे वाटल्यासारखी सांगत फिरते.

मी मंडळाचा सेक्रेटरी. पथकात झांज वाजवतो. मला रांगेत शेवटी उभं करतात, म्हणजे माझी चूक पथकाच्या बाहेर सांडते. पण सरावाची जागा मी शोधली, हे मात्र कुणी नाकारू शकत नाही. सोसायटीतून आम्हाला हाकललं, पार्कातून हाकललं, एका शाळेच्या मैदानावरून तर पहिल्याच दिवशी हाकललं. शेवटी यमुनेच्या काठी, मोठ्या प्रदर्शन केंद्राच्या पलीकडे एक मोकळी सरकारी जमीन सापडली. तिथल्या चौकीदाराला आमचा ठेका आवडायचा आणि आमचा चहाही. रीतसर परवानगी मागितली नाही. मागितली की कुणीतरी नाही म्हणणार, एवढं मी नोकरीत शिकलो होतो.

त्या हिवाळ्यात सरावाला वेगळाच जोर होता. संक्रांतीला पानिपतजवळ काला अंब इथे मराठी माणसं जमतात आणि तिथल्या लढाईत पडलेल्यांना नमस्कार करतात. दरवर्षी आम्ही बस करून जायचो, हात जोडून परत यायचो. यंदा पहिल्यांदाच आमच्या पथकाला तिथल्या मिरवणुकीत वाजवायला बोलावलं होतं. पोरं धुक्यात, नाकं गळत असतानाही वेळेवर यायला लागली.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात प्रदर्शन केंद्राला मोठं व्हायचं होतं. दोन नवे हॉल, नदीच्या अगदी कडेला एक उघडा रंगमंच आणि गाड्यांसाठी भलंमोठं आवार. अहवालाचं काम कुमुदच्या कंपनीकडे आलं. आवाजाचं यंत्र काठावर चार ठिकाणी लावायचं होतं. त्यातलं एक ठिकाण पाणकणसांच्या रानाच्या कडेला होतं, कारण थंडीत तिथे चक्रवाक पक्षी उतरतात आणि रंगमंचही तिथून जवळ येणार होता. तिथे आज किती शांतता आहे ते कळलं, तरच उद्या ती किती मोडेल ते सांगता येणार होतं. हे काम कुमुदने तिच्या हाताखालच्या अंशुमनला शनिवारी करायला सांगितलं. शनिवारी त्याच्या आतेबहिणीचा साखरपुडा निघाला. त्याने रविवारी सकाळी जाऊन यंत्र लावलं, सुरू केलं आणि पराठे खायला निघून गेला. रानाच्या अल्याड आम्ही होतो, पल्याड यंत्र. पण गवताने आवाज थोडाच अडतो.

पुढच्या आठवड्यात आवाजाचा आलेख कुमुदच्या टेबलावर आला. सुरुवातीला संथ, मग चढत चढत वर, मग चहापुरता खाली, पुन्हा वर. तिने तो बोटाने हळूहळू गिरवला. एका जागी चढ जरा जास्तच घाईने गेला होता. तिथे आमची पोरं नेहमी पळतात आणि ती नेहमी ओरडते. यंत्रात आमचं पथक सापडलं होतं. ऑफिसात एकटीच बसून ती खूप हसली, असं तिने मला नंतर सांगितलं.

मग तिचं हसू थांबलं, कारण तो आकडा कच्च्या अहवालात घालून अंशुमनने आधीच पुढे पाठवला होता. प्रदर्शन केंद्राच्या भसीनसाहेबांचा खुशीत फोनही येऊन गेला होता. काठावर आत्ताच इतका गोंगाट असेल तर आमच्या रंगमंचाने असा काय फरक पडणार, असं त्यांचं म्हणणं. "मॅडम, आपने तो हमारा काम बना दिया," ते म्हणाले.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली आणि सगळं सांगितलं. मला ती अगदीच किरकोळ अडचण वाटली. पुढच्या रविवारी आम्ही येत नाही, तू गुपचूप पुन्हा मोज आणि विषय संपव, मी म्हणालो. ती म्हणाली, तसं चालणार नाही. भसीनसाहेबांना पहिला आकडा सोयीचा आहे. तो का खोडायचा ते विचारणार, आणि मग त्या दिवशी कोण वाजवत होतं ते अहवालात लिहावं लागणार. ते लिहिलं की जमिनीचं ऑफिस ते वाचणार. म्हणजे आमची जागा गेली, तीही ऐन संक्रांतीच्या तोंडावर.

माझं डोकं फिरलं. पक्ष्यांचा एवढा पुळका आणि आपल्या पोरांचं काहीच नाही, असं मी तिला बोललो. अजूनही बरंच बोललो.

"अण्णा, पक्षी राहू द्या बाजूला," ती म्हणाली. "त्या आकड्याच्या जोरावर ते लोक नदीकाठी भोंगे लावणार. आणि तो आकडा माझ्या ताशाचा आहे."

मी चहा करायला उठलो.

पोरांना तिने स्वतःच सांगितलं. अवनी ताडकन उठली आणि म्हणाली, "मतलब हमें यहाँ से आप निकलवा रही हैं?" हिंदीत, आणि वर आप. कुमुदचा चेहरा मी पाहिला. मला तिचा राग आला होता, तरी मी अवनीला खाली बस म्हणालो. मायलेकी पुढे कितीतरी दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. सुधाकर दोघींचे निरोप इकडून तिकडे नेत होता. मंत्रालयातली फाईलसुद्धा इतकी फिरत नाही, असं मला म्हणाला.

इकडे भसीनसाहेब ऐकायला तयार नव्हते. ढोल वगैरे काही नाही, रस्त्याचा आवाज असेल, शेतातले पंप असतील. खरंच ढोल असतील तर मला दाखवा, म्हणाले. आता दाखवायचं म्हणजे आम्हीच तिथे उभं राहून वाजवायचं आणि आम्हीच थांबून दाखवायचं. आपल्याच तोंडाने आपला गुन्हा कबूल करायचा. कुमुदने पोरांना निरोप धाडला, की रविवारी या, पण जबरदस्ती नाही. ज्याला यायचं नसेल त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी जायचं नाही असंच ठरवलं होतं. सकाळी उठलो, झांज पिशवीत टाकली आणि मनातल्या मनात भांडत गेलो. पाहतो तर आमचा टेम्पो आधीच उभा. सगळी पोरं आली होती. अवनी खाली मान घालून ढोलाचे दोर आवळत होती. आईकडे एकदाही पाहिलं नाही. रानाच्या कडेला अंशुमन यंत्र घेऊन उभा आणि त्याच्या शेजारी भसीनसाहेब, मफलरमध्ये नाकापर्यंत गुंडाळलेले.

कुमुदने ताशावर काड्या टेकवल्या. फार वेळ वाजवायचं नाही, तिने आधीच बजावलं होतं.

आणि पोरांनी काय वाजवलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांत आम्ही असं कधी वाजवलं नव्हतं. जिथे नेहमी पळायची, तिथे एकही पळालं नाही. अवनीचा ढोल आईच्या ताशाला चिकटून चालला होता, बोलणं बंद असूनही. मीसुद्धा चुकलो नाही. चौकीदार केबिनमधून बाहेर येऊन उभा राहिला. भसीनसाहेबांचा पाय मफलरला न विचारता ठेका धरायला लागला. हे इथे शेवटचं आहे ते प्रत्येकाला ठाऊक होतं आणि त्याचं फार वाईट वाटत होतं, आणि मजाही फार येत होती.

कुमुदने काड्या वर केल्या आणि सगळं थांबलं.

कुणी हललं नाही. यंत्रावरचा आकडा उतरायला लागला, उतरतच राहिला. धुक्यात पाणी वाहतंय एवढंच ऐकू येत होतं. मग लांबून कुठला तरी पक्षी ओरडला. अंशुमनने पडदा भसीनसाहेबांपुढे धरला. त्यांनी मफलर खाली ओढून तो वाचला.

"इतनी शांति है यहाँ?" ते हळूच म्हणाले.

"दुपारपर्यंत यंत्र असंच राहू दे," कुमुद अंशुमनला म्हणाली, आणि पाठ फिरवून रडायला लागली. ती बाई चारचौघांत रडते हे मला माहीत नव्हतं. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. जाताना भसीनसाहेबांनी मला बाजूला घेऊन नव्या हॉलच्या उद्घाटनाला वाजवाल का, असं विचारलं. कुमुदने ते ऐकलं आणि तिथूनच सांगितलं, की वाजवू, पण आत, दारं बंद करून.

अहवाल गेला. नव्या नकाशात रंगमंच नदीकाठावरून उचलून रस्त्याच्या बाजूला नेला. आम्हालाही जमिनीच्या ऑफिसातून गोड भाषेत पत्र आलं, की आपण यापुढे येऊ नये. चौकीदाराने शेवटचा चहा स्वतःच्या खिशातून पाजला.

संक्रांतीला काला अंब इथे आम्ही वाजवलं. सराव नव्हता, त्यामुळे जसं व्हायचं तसंच झालं. पोरं पळाली, ढोल मागेपुढे झाले, मी तर दोनदा भलत्याच जागी झांज मारली. पुण्याहून आलेल्या मंडळींनी समजूतदारपणे टाळ्या वाजवल्या. परतीच्या बसमध्ये सगळे गुमसुम बसले होते. कुमुद खिडकीशी होती. अवनी मागच्या सीटवरून उठली आणि तिच्या शेजारी येऊन बसली.

"आज घाण वाजवलं आपण," ती म्हणाली.

"हो," कुमुद म्हणाली.

"पण त्या रविवारी भारी झालं होतं, यार. ते फक्त त्या भसीनने ऐकलं."

"आणि मी," कुमुद म्हणाली.

अवनीने आईच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि मुरथलचे ढाबे येईपर्यंत झोपून गेली. तिची झोप मोडेल म्हणून कुमुदने ड्रायव्हरला गाणी बंद करायला सांगितली.